सूर्यास्ताचा रोजमेळ

रत्नागिरीच्या राम आळीतील एका किराणा पेढीवर हिशेबाच्या जुन्या वह्यांची चवड आहे. त्या चवडीत लाल कापडी बांधणीच्या सहा वह्या अशा आहेत की, त्यांत रुपयाची एकही नोंद सापडणार नाही. डावीकडे तारीख, मधल्या रकान्यात वेळ आणि उजवीकडे एखादा शब्द: ‘दिसला’, ‘ढगात’, ‘दिसला नाही’. पाने उलटत जावे तसतसे हेच पुन्हा पुन्हा येते. रत्नागिरीत सूर्य कोणत्या दिवशी किती वाजता मावळला, याचा तो रोजमेळ आहे. लिहिणारा मुलगा आज चौदा वर्षांचा आहे. तो पेढीच्या मालकांचा नातू, आणि स्वमग्न आहे. डॉक्टरांच्या भाषेत त्याला ऑटिझम आहे.

या वह्यांची सुरुवात जेवणाच्या पाटावर झाली. घरात सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम तीन पिढ्यांचा. नोव्हेंबरात रत्नागिरीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या आरंभी सव्वासातला. म्हणजे वर्षभरात जेवणाची वेळ सव्वा तासाने मागेपुढे सरकते. ज्यांना हे अंगवळणी पडले आहे त्यांच्या ते ध्यानातही येत नाही. परंतु हा मुलगा बोलण्याआधी घड्याळ वाचायला शिकलेला. काल ताट साडेपाचला आले, तर आजही ते साडेपाचलाच यावे, हा त्याचा जगाशी झालेला करार. ताट पावणेसहाला आले की तो कान झाकून घेई, किंचाळे, कधी ताट भिरकावून देई. सगळ्यांना वाटे, भाजी आवडली नाही. बा, म्हणजे त्याची आजी, भाज्या बदलून बदलून थकल्या. मीठ कमी झाले, मिरची गेली, भेंडीची जागा दुधीने घेतली; ताट उडायचे ते उडतच राहिले.

मुलगा आठ वर्षांचा असताना फेब्रुवारीतील एका संध्याकाळी दादा, म्हणजे त्याचे आजोबा, त्याला मांडवीला घेऊन गेले. त्यांच्या मनात शिकवण्याबिकवण्याचा काही हेतू नव्हता. घरातला गोंगाट त्यांनाच नकोसा झाला होता. मांडवीच्या काळ्या वाळूत दोघे बसले. सूर्य पाण्याला टेकला, अर्धा बुडाला, दिसेनासा झाला. दादांनी मनगटावरचे घड्याळ त्याच्यापुढे धरले आणि म्हणाले, “बेटा, आता जेवायचे नाही. हा जाण्याआधी जेवायचे. म्हणून रोज वेळ बदलते.” मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी साडेपाचला तो दादांच्या चपला घेऊन गल्ल्यापाशी उभा राहिला. तिसऱ्या दिवशीही तेच. पाचव्या की सहाव्या दिवशी त्याने एका कोऱ्या बिलाच्या पाठीवर तारीख आणि वेळ लिहिली. बिलांचे कपटे वाढू लागले तेव्हा दादांनी कपाटातून एक कोरी लाल वही काढून दिली. त्या महिन्यापासून ताट भिरकावणे हळूहळू थांबले. सरकणाऱ्या वेळेमागे एक नियम आहे, एवढे त्याला पुरेसे होते. स्वयंपाकघराच्या दारावर एक पाटी टांगली गेली आणि ‘उद्या जेवण’ असे लिहून पुढे वेळ मांडण्याचे काम त्याच्याकडे आले. आता बा त्या पाटीवर डोळे मिटून विसंबतात. आळीतल्या चार-पाच घरांतूनही फोन येतो: “तुमच्या मुलाला विचारा, आज किती?”

दुसरा हिवाळा संपता संपता त्याने दादांना चकित केले. शाळेत शिकलेली गोष्ट दादांनी सहज सांगितली होती की, २२ डिसेंबरचा दिवस सर्वांत लहान, म्हणून त्या दिवशी सूर्य सर्वांत लवकर मावळतो. मुलाने मान हलवली, वही उघडली आणि बोट ठेवले. नोव्हेंबरच्या अखेरीस सहा वाजून दोन मिनिटे; २२ डिसेंबरला सहा वाजून आठ. दादांनी पंचांग काढून पडताळा घेतला. वहीच बरोबर होती. सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याकडे होऊन जातो. डिसेंबरचा दिवस लहान राहतो तो सूर्योदय उशिरा उशिरा होत जातो म्हणून. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, यामुळे सूर्य माथ्यावर येण्याची वेळच डिसेंबरात रोज जवळजवळ अर्ध्या मिनिटाने पुढे ढकलली जाते. तसेच उन्हाळ्यात. सर्वांत उशिराचा सूर्यास्त २१ जूनला नसतो, तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात असतो. दादा त्या रात्री बांना म्हणाले, “साठ वर्षे सूर्य पाहून जेवलो. हे एकदाही दिसले नाही.”

भिंतीवरच्या दिनदर्शिकेशीही त्याचे भांडण होते. तीत मुंबईची वेळ छापलेली असते. मे महिन्यात रत्नागिरीचा सूर्य त्या वेळेच्या पाचेक मिनिटे आधी बुडे, आणि डिसेंबरात दोन मिनिटे उशिरा. रत्नागिरी मुंबईच्या दक्षिणेला आणि किंचित पूर्वेला आहे, त्याचा हा परिणाम. हे कारण त्याला पुढे शिक्षिकेने समजावले. फरक मात्र त्याने आधीच हेरून दिनदर्शिकेच्या चौकटीत पेन्सिलीने दुरुस्ती करून ठेवली होती.

अशा मुलाचे कौतुक कसे करावे हे घराला ठाऊक नसते. या घरालाही नव्हते. पाहुणे आले की त्याला दिवाणखान्यात बोलावत. “सांग बेटा, १४ जानेवारीला किती वाजता?” तो सांगे, पाहुणे टाळ्या वाजवत, आणि टाळ्यांच्या आवाजाने तो कानांवर हात ठेवून आत पळे. तीन-चार वेळा असे झाल्यावर त्याच्या आईने दारातच सासऱ्यांना नम्रपणे सांगितले, “दादा, तो काही खेळ दाखवणारा नाही.” सुनेने सासऱ्यांना असे बोलण्याची त्या घरात रीत नव्हती. दादा गप्प राहिले, पण त्यानंतर पाहुण्यांसमोर त्याला कोणी बोलावले नाही.

आईचा राग समजण्यासारखा होता. १९८८ साली ‘रेन मॅन’ हा अमेरिकी चित्रपट आला आणि तेव्हापासून प्रत्येक स्वमग्न मुलाकडून लोक एखाद्या चमत्काराची अपेक्षा धरू लागले. बहुसंख्य स्वमग्न मुलांकडे अशी कोणतीही अचाट स्मरणशक्ती नसते. त्यांच्याकडे असते ती ओढ, एखाद्या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा जाण्याची. मुंबईची जलतरणपटू जिया राय हिला लहानपणी पाण्याची अशीच ओढ लागली. पाण्याचा उपचार म्हणून सुरू झालेले पोहणे पुढे तिचे जगणे बनले. २० मार्च २०२२ रोजी, वयाच्या तेराव्या वर्षी, तिने श्रीलंकेतील तलैमन्नारपासून धनुष्कोडीपर्यंतची पाल्कची सामुद्रधुनी १३ तास १० मिनिटांत पार केली. जुलै २०२४ मध्ये इंग्लिश खाडीही. तिची बातमी कोणीतरी या आईला कौतुकाने पाठवली आणि खाली विचारले, “तुमचा कशात पुढे आहे?” आईने उत्तर दिले नाही. जियाचे छायाचित्र मात्र तिने कापून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावले आहे.

येथे ‘स्वमग्न’ या शब्दाविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे. युजेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने ‘स्व’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ हा शब्द घडवला, तोही दुसऱ्याच आजाराच्या संदर्भात. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करताना तो उचलला, आणि मराठीने त्याचे भाषांतर करून ‘स्वमग्न’ केले. शब्द गोड आहे, पण फसवा आहे. जो मुलगा रोज संध्याकाळी क्षितिजाकडे डोळे लावून बसतो, मिनिटामिनिटाचा फरक टिपतो, त्याला ‘स्वतःत बुडालेला’ कसे म्हणावे? आळीतील बाकी सारे त्या वेळी आपापल्या गल्ल्यात आणि मोबाइलमध्ये बुडालेले असतात.

मुलगा दहा वर्षांचा असताना एक वाईट काळ आला. शाळेत तो पाठ्यपुस्तकाच्या समासात वेळा लिहू लागला होता. कोणी जाणत्या गृहस्थांनी वडिलांना सल्ला दिला की हे वेड आहे, ते मोडून काढल्याशिवाय तो अभ्यासाला लागणार नाही. वडील मुळात हळवे. पण एकुलत्या मुलाची काळजी माणसाला कठोर करते. मार्चच्या एका सकाळी त्यांनी वह्या उचलून माळ्यावर टाकल्या, पाटी काढली आणि मांडवीला जाणे बंद केले. पहिले तीन दिवस आकांत झाला. नंतर जे झाले ते अधिक भयंकर होते: मुलगा शांत झाला. जे चाळीस-पन्नास शब्द तो बोलत असे तेही बंद पडले. अभ्यासाला तर तो लागला नाहीच. संध्याकाळी तो पश्चिमेकडील खिडकीच्या गजाला कपाळ टेकून उभा राही, आणि समोरच्या इमारतीमुळे तिथून समुद्र दिसत नसे. विसाव्या दिवशी वडिलांनी स्वतः शिडी लावून वह्या खाली काढल्या.

त्या वेळचे पान पाहण्याजोगे आहे. मुलाने वही हाती येताच गेलेल्या एकोणीस तारखा एकाखाली एक लिहिल्या. वेळेचा रकाना कोरा ठेवला. उजवीकडे एकोणीस वेळा लिहिले: ‘पाहिला नाही’. वेळा त्याला माहीत नव्हत्या असे नाही. मागील दोन वर्षांच्या वह्या त्याच्या पुढ्यात होत्या, दिनदर्शिका भिंतीवर होती. दोन मिनिटांत ते रकाने भरता आले असते. दादांनी ते पान पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. साठ वर्षे त्यांनी मेताजींच्या वह्या तपासल्या होत्या. न घडलेली नोंद वहीत शिरली की पुढे सगळा मेळ कसा बिघडतो, हे त्यांना कोणी समजावण्याची गरज नव्हती.

पावसाळ्यातली पानेही तशीच आहेत. जून ते सप्टेंबर कोकणात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. जेवणाच्या पाटीसाठी तो दिनदर्शिकेतील वेळेतून मिनिटे वजा करून बिनचूक वेळ मांडतो. वहीत मात्र ‘दिसला नाही’. पाटी अंदाजाची आणि वही साक्षीची, हा भेद त्याला कोणी शिकवलेला नाही.

पुढे एक विशेष शिक्षिका घरी येऊ लागली. तिने पहिल्याच दिवशी पाठ्यपुस्तक बाजूला सारून लाल वही मागितली. वजाबाकी तिने वहीतून शिकवली: कालची वेळ, आजची वेळ, फरक किती. आलेख वहीतून काढले. दिशा, ऋतू, नकाशा, अक्षांश, सारे त्या तीन रकान्यांतून निघत गेले. भाषाही. ‘काल सूर्य सहा वाजून एकतीस मिनिटांनी मावळला’ हे मुलाचे पहिले पूर्ण वाक्य. ते बोलून झाल्यावर त्याने ते आणखी चाळीसेक वेळा म्हटले, हेही सांगितले पाहिजे. मांडवीला एक शेंगदाणेवाला असतो. तो रोज विचारू लागला, “काय शेठ, आज किती?” मुलगा त्याच्याकडे न पाहता वेळ सांगे. सुमारे वर्षभराने एके दिवशी त्याने आपणहून विचारले, “शेंगदाणे किती?” घराबाहेरच्या माणसाला त्याने विचारलेला तो पहिला प्रश्न. त्या दिवशी शेंगदाणेवाल्याने पैसे घेतले नाहीत, आणि हिशेब अपुरा राहिला म्हणून मुलगा घरी येईपर्यंत अस्वस्थ होता. दादांना परत जाऊन दहा रुपये द्यावे लागले.

व्यापाऱ्याच्या घरात प्रश्न अखेरीस एकच असतो: हा दुकानात बसेल का? गल्ल्यावर तो बसू शकत नाही. गिऱ्हाइकांचा गलका, पोती आपटल्याचा आवाज आणि मिरचीचा खकाणा त्याला सोसत नाही. आणखीही एक अडचण आहे. तूरडाळ नवी आहे का, असे कोणी विचारले की तो पोत्यावरची तारीख वाचून दाखवतो. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. एका जुन्या गिऱ्हाइकाने त्यावरून बरेच सुनावले होते. म्हणून गेल्या वर्षी वडिलांनी त्याला मागच्या वखारीत, दुपारच्या शांत वेळी, मालाची मोजदाद दिली.

पहिल्याच महिन्यात वहीत साखरेची बेचाळीस पोती आणि त्याच्या कागदावर चाळीस. वडील म्हणाले, “बेचाळीस लिही, मागाहून पाहू.” तो वखारीत गेला, पुन्हा मोजून आला, चाळीसच लिहिले. वडिलांनी आवाज चढवला. तो तिसऱ्यांदा गेला. परत आला तेव्हा त्याने चाळीसखाली रेघ मारून पुढे ‘पाहिले’ असा शब्द लिहिला होता. आठवडाभर शोधाशोध झाली. अखेरीस कळले की दोन पोती कुणी पळवली नव्हती. गणपतीच्या गर्दीत ती उधारीवर गेली होती आणि वडिलांनीच घाईत नोंद करायची राहिली होती. रक्कम फार मोठी नव्हती. पण ‘मागाहून पाहू’ म्हणून जुळवून टाकलेले आकडे मागच्या वर्षभरात आणखी किती असतील, या विचाराने वडिलांना त्या रात्री झोप लागली नाही. दिवाळीपूर्वी त्यांनी सगळी वखार त्याच्याकडून मोजून घेतली. मुदत संपत आलेल्या मालाची यादी आता दर सोमवारी त्याच्या अक्षरात टेबलावर येते.

कॅनर यांनी वर्णन केलेल्या अकरा मुलांतील पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, हाही अशाच घरातला होता. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे लहानसे गाव आहे. तेथील बँक त्याच्या आजोळची. लहानपणी त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले होते. वर्षभराने आईवडील त्याला परत घेऊन आले. वडिलांनी त्याच्याविषयी कॅनर यांना लिहिलेले पत्र तेहतीस पानांचे होते. आकड्यांच्या आणि मोजण्याच्या ओढीचा हा मुलगा मोठा होऊन त्याच बँकेत कामाला लागला आणि पासष्ट वर्षे तेथे राहिला. तो गोल्फ खेळे, एकटा परदेश प्रवास करी. २०२३ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याला बँक मिळाली हे भाग्य खरेच. पण गावाने त्याच्या तऱ्हा मनावर घेतल्या नाहीत, हे त्याहून मोठे भाग्य. ही हकीकत शिक्षिकेने दादांना सांगितली. दादांनी दोन प्रश्न विचारले: त्याचे लग्न झाले होते का, आणि आईवडिलांनंतर त्याच्याजवळ कोण होते? लग्न झाले नव्हते. जवळ भाऊ होता आणि गाव होते.

हा दुसरा प्रश्न घरात रोज असतो, बोलला जात नाही इतकेच. मुलगा अजून एकट्याने गोखले नाका ओलांडू शकत नाही. वरातीचा बँड लागला की आजही घराची दारे-खिडक्या लावाव्या लागतात. आईने कागदपत्रांचे काम मनावर घेतले आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात ऑटिझमचा उल्लेखही नव्हता. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आणि पुढे २०१६ चा कायदा, ज्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे मानली गेली, त्यांमुळे आता प्रमाणपत्र मिळते, दहावीच्या परीक्षेला लेखनिक व जादा वेळ मिळू शकतो, आणि अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो. समाजातील पुष्कळ घरे हे प्रमाणपत्र काढत नाहीत. ‘नाव लागेल’, बहिणींच्या लग्नात अडथळा येईल, ही भीती. या घरातही तीन वर्षे अर्ज तसाच पडून होता. तो शेवटी भरला दादांनी. “वहीत खरे लिहायचे तर सगळेच लिहू,” एवढेच ते म्हणाले.

गेल्या दिवाळीत चोपडापूजनाला नव्या वह्या मांडल्या गेल्या. रोजमेळ, खतावणी, उधारीची वही, आणि त्यांच्या रांगेत सातवी लाल वही. दादांनी प्रत्येक वहीवर कुंकवाने स्वस्तिक काढले, हिच्यावरही काढले. बाहेर फटाके सुरू झाले होते. मुलगा कानांवर आवाज अडवणारे जाड हेडफोन घालून, भिंतीला पाठ लावून बसला होता. एरवी दिवाळीच्या दिवसांत तो खोलीबाहेर पाऊलही टाकत नाही. पूजा अर्ध्यावर आली आणि तो उठला. त्याने वही उचलली, ओल्या कुंकवावर फुंकर घातली, दादांच्या चपला आणून त्यांच्यापुढे ठेवल्या. वडील म्हणाले, “आजचा दिवस राहू दे, बेटा. बाहेर फटाके आहेत.” मुलगा दाराशी उभाच राहिला. दादांनी हातातली आरती मुलाच्या वडिलांकडे दिली.

दोघे मांडवीला पोहोचले तेव्हा सूर्य पाण्यापासून बोटभर वर होता. शेंगदाणेवाला सणाचा आला नव्हता. मागे गावात फटाके वाजत होते, आणि मुलाचे दोन्ही हात हेडफोनवर घट्ट दाबलेले होते. सूर्य बुडाला तसे त्याने एक हात काढला, पेन उघडले आणि पहिल्या पानावर तारीख घातली. मग दादांचे मनगट आपल्याकडे ओढून घड्याळ पाहिले.